काचबिंदूच्या ऑपरेशननंतरची गुंतागुंत टाळणं घरच्यांच्या हातात किती असतं?

वडिलांची ट्रॅबेक्युलेक्टोमी (डोळ्यातला दाब उतरवण्यासाठीचं काचबिंदूचं ऑपरेशन) ठरली आहे, संमतीपत्रावरची गुंतागुंतीची यादी वाचून धास्ती बसली, असं तुम्ही लिहिलंय. मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, काचबिंदूचे पेशंट रोज बघतो.

यादी लांबलचक असली तरी बहुतेक भानगडींचं मूळ एकच. इतर ऑपरेशनांत जखम भरून यावी लागते. इथे ती पुरती भरून येता कामा नये. डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडपेसारखी वाट करून आतलं पाणी वरच्या पापणीखाली काढून देतात, तिथे छोटा फुगवटा येतो. त्याला आम्ही ब्लेब म्हणतो. वाट जास्त वाहिली तर डोळ्यातला दाब फार उतरतो, शरीराने ती बुजवली तर पुन्हा चढतो.

बुजू नये म्हणून ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन नावाचं औषध लावतात आणि नंतर स्टेरॉइडचे ड्रॉप्स देतात, सुरुवातीला बहुधा दर दोन तासांनी, मग कमी करत दोन-तीन महिने. माझ्या मते हे ड्रॉप्स चुकू न देणं हेच घरच्यांचं खरं काम. डोळा पांढराशुभ्र दिसू लागला की लोक ड्रॉप्स सोडतात, आणि आत व्रण धरून वाट बुजायला लागते. दाब चढायला लागलाच तर लेझरने एखादा टाका तोडता येतो किंवा सुईने वाट मोकळी करता येते, पण वेळेत. म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांतली एकही तपासणी चुकवू नका. काचबिंदूचे जुने ड्रॉप्स ऑपरेशन झालेल्या डोळ्यात सहसा बंद होतात, दुसऱ्या डोळ्यात मात्र चालू राहतात. इथे हमखास घोळ होतो, तेव्हा ‘उजवा’, ‘डावा’ असं कागदावर लिहून घ्या.

डोळ्यातला दाब ५-६ मिमी पाऱ्याच्या खाली गेला तर नजर धूसर होऊ शकते. कधी नुसतंच पाणी जास्त वाहत असतं, कधी जखम गळत असते. फ्लुओरेसिन नावाचा रंग डोळ्याला लावून निळ्या उजेडात पाहिलं की गळतीच्या जागेवरून चमकदार हिरवा ओघळ उतरताना दिसतो. बारीक गळती पुष्कळदा ड्रॉप्स बदलून किंवा बँडेज लेन्स (जखमेवर पट्टीसारखी बसणारी कॉन्टॅक्ट लेन्स) लावून थांबते, नाहीतर टाका घालावा लागतो. दाब उतरलेला असताना जोरात खोकणं, शौचाला कुंथणं, खाली वाकून वजन उचलणं धोक्याचं, कारण डोळ्याच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. खोकला, बद्धकोष्ठ, रक्तदाब यांचा बंदोबस्त ऑपरेशनआधीच करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. एकाएकी असह्य कळ येऊन दिसणं कमी झालं, तर सकाळची वाट बघू नका.

डोळा चोळू नका. मसाज डॉक्टरांनी सांगून, शिकवून दिला तरच. मोतीबिंदू लवकर वाढू शकतो, त्याचं पुढे बघता येतं. गेलेली नजर मात्र या ऑपरेशनने परत येत नाही, हे वडिलांना आधीच सांगा, म्हणजे नंतर मन खट्टू व्हायला नको.

जंतुसंसर्गाची भीती कायमची. मायटोमायसिननंतर ब्लेब पातळ राहू शकतो आणि दहा वर्षांनीही त्यातून जंतू आत शिरू शकतात. डोळा लाल, चिकट, दुखरा झाला किंवा अंधूक दिसू लागलं, तर ‘डोळे आले असतील’ म्हणून मेडिकलमधून ड्रॉप्स आणू नका. त्याच दिवशी दाखवा. नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर असतील तर जो नेत्रतज्ज्ञ भेटेल त्याला, आणि या डोळ्याची ट्रॅबेक्युलेक्टोमी झालीय हे आत शिरताच सांगा.