आईची पोत ठेवून ओव्हरक्लॉकिंग? २८ हजारांचा हिशोब

प्रश्न: मी पाचोऱ्याला राहतो. जळगाव, चाळीसगावच्या फोटोग्राफरांसाठी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. एका लग्नामागे ५,००० रुपये सुटतात. जुना पीसी फोर-के फुटेजवर अडकतो. फुटेज बहुतेक एचईव्हीसी १०-बिट ४:२:२ (खूप दाबून छोटं केलेलं, पण रंगांची जास्त माहिती असलेलं) असतं. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून दोन कोटेशन घेतली. पहिलं ८६,००० चं: आय-५ १२६००के (इंटेलचा १२व्या पिढीचा प्रोसेसर), झेड-६९० मदरबोर्ड, लिक्विड कूलर, मोठा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). दुसरं ५८,००० चं: त्याच पिढीचा आय-५ १२४००एफ, बी-६६० बोर्ड, बॉक्समधला कूलर. ३२ जीबी रॅम आणि एसएसडी दोन्हींत सारखी; जुनं १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर तेच वापरणार. जवळ ८०,००० आहेत, फोटोग्राफरांकडे ४५,००० येणं आहे, घरखर्च महिना १८,०००. मित्र म्हणतो, पहिलं घे, ओव्हरक्लॉक कर (म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालव), पाच वर्षं बघायला नको. त्यासाठी आईची पोत ठेवून २५,००० चं सोनेतारण काढू का? तुळशीचं लग्न तोंडावर आलंय, लवकर सांगा.

उत्तर: भाऊ, सोनेतारण काढू नका आणि ८६ हजारांचं मशीनही घेऊ नका. दुसरं कोटेशन घ्या, पण त्यातही एक बदल करून. तो बदल तुमच्या धंद्याला ओव्हरक्लॉकिंगपेक्षा जास्त उपयोगी आहे, म्हणून आधी तोच सांगतो.

एडिटिंगच्या टाइमलाइनवर क्लिप अडकत चालते, तेव्हा आपल्याला वाटतं प्रोसेसर हळू आहे. बरेचदा अडचण वेगळीच असते. एचईव्हीसी १०-बिट ४:२:२ फुटेज उलगडायला चिपमध्ये खास सोय लागते. तुमच्या १०५० टीआय कार्डात ती नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत मात्र आतल्या ग्राफिक्सबरोबर ती येते, तिला क्विक सिंक म्हणतात. आता कोटेशन परत बघा: १२४००‘एफ’. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, आणि त्याबरोबर क्विक सिंकही गेलं. दीड-दोन हजार वाचवायला नेमकी तुमच्या कामाची वस्तू काढून टाकली जातेय. साधा १२४०० घ्या. बाहेरचं कार्ड लावल्यावर बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, तेव्हा बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ चालू करून द्यायला सांगा आणि तुमचीच एखादी क्लिप दुकानात प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चालवून बघा. १२६००के मध्ये हे ग्राफिक्स आहेच. त्यामुळे मित्राचं मशीन तसलं असेल आणि त्याची टाइमलाइन सरळ चालत असेल, तर तो त्याचं श्रेय ओव्हरक्लॉकिंगला देत असण्याची शक्यता आहे.

आता ओव्हरक्लॉकिंगकडे येतो. एके काळी ही खरोखर गरिबाची सोय होती. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर. बोर्डाचा बस स्पीड ६६ वरून १०० केला की तो ४५० वर चालायचा. दीडपट वेग, जवळजवळ फुकट. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून इंटेलने हा दरवाजा बहुतेक नावात ‘के’ असलेले प्रोसेसर आणि महागड्या बोर्डांपुरता ठेवला. शिवाय आजचा प्रोसेसर गरजेप्रमाणे स्वतःच वेग वाढवतो. १२४०० सुद्धा काम पडलं की ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. कंपनीने आधीच पिळून घेतलेल्या चिपमध्ये आपल्यासाठी फार थोडं उरतं, आणि ते थोडं मिळवायला आधी खर्च करावा लागतो. तुमच्या कोटेशनमधल्या फरकाची फोड साधारण अशी दिसते: प्रोसेसरचे ९, बोर्डाचे ९, कूलरचे ६, एसएमपीएसचे ४ हजार. यातले शेवटचे तीन, म्हणजे १९ हजार, जवळपास फक्त ओव्हरक्लॉकिंगसाठी आहेत.

बदल्यात काय मिळेल? समजा ४.५ गिगाहर्ट्झची चिप तुम्ही ४.९ वर नेली. वेग ९ टक्के वाढला. ४० मिनिटांचा एक्स्पोर्ट (एडिट झालेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं) अगदी उत्तम झाला तर ३७ मिनिटांत होईल, आणि तो तुम्ही जेवायला उठता तेव्हाच लावता. मात्र त्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ करावं लागलं तर विजेचं गणित वेगळं आहे: वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्याही. दोन्ही गुणले की २७ टक्के जास्त वीज, म्हणजे तेवढीच जास्त उष्णता. विजेच्या बिलाची काळजी करू नका, ते थोड्याच युनिटांनी वाढेल. काळजी उष्णतेची आहे.

कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, ती खोलीच्या किती वर राहील एवढंच ठरवतो. एक्स्पोर्ट चालू असताना चिप खोलीपेक्षा ५० अंश वर राहते असं धरू. ओव्हरक्लॉकनंतर हेच ५० साधारण ६३ होतात. पौषात खोली २८ अंशांवर असेल तर चिप ९१ वर, चालून जाईल. आखाजीनंतरच्या दुपारी आपल्याकडे पत्र्याखालच्या खोलीत ४३ अंश ही काही नवलाची गोष्ट नाही. ४३ आणि ६३ म्हणजे १०६, आणि १२६००के ची मर्यादा १०० आहे. तिथे प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग खाली आणतो. म्हणजे पौषात, लग्नं नसताना, तुमचा ओव्हरक्लॉक झकास चालेल, आणि वैशाखात रोज दोन-दोन लग्नांचं फुटेज येऊन पडेल तेव्हा पैसे देऊन घेतलेला वेगच गायब होईल.

अस्थिर ओव्हरक्लॉक गेममध्ये दोन-तीन तास कळतही नाही. तो लांब एक्स्पोर्टमध्ये उघडा पडतो. रात्री लावलेलं काम पहाटे ९० टक्क्यांवर अडकलेलं दिसतं आणि सकाळी मुलीचे वडील फोटोग्राफरला फोन करतात. फोटोग्राफर एकदा समजून घेईल, दुसऱ्यांदा काम दुसरीकडे देईल. आणि व्होल्टेजने चिप कायमची खराब होते, ही ऐकीव गोष्ट नाही. २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केलं की १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप चिप जास्त व्होल्टेजमुळे बिघडतायत. त्यांनी नवं मायक्रोकोड (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) दिलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमची १२वी पिढी त्यात नाही. पण तुम्ही स्वतः व्होल्टेज वाढवून चिप जाळली तर वॉरंटीचा आधार धरता येणार नाही.

मित्राची एक बाजू खरी आहे, तीही सांगतो. १२६००के मध्ये चार छोटे कोअर (काम करणारे आतले भाग) जास्त आहेत, त्यामुळे ओव्हरक्लॉक न करताही तो १२४०० पेक्षा एक्स्पोर्टमध्ये पुढे राहतो. दोन सीझननंतर कामं खरंच वाढली तर त्याच बी-६६० बोर्डावर तो पुढे बसवता येईल, चांगल्या एअर कूलरसह. त्यासाठी आज बोर्ड थोडा बरा, चार रॅम स्लॉटचा घ्या. त्याहून स्वस्त एच-६१० बोर्ड नको. रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल मात्र पहिल्याच दिवशी चालू करा. ३२०० ची रॅम बरेचदा त्याशिवाय कमी वेगाने चालते, आणि त्याला एक रुपया लागत नाही. हौस म्हणून ओव्हरक्लॉकिंग शिकायचंच असेल तर एएमडीचे रायझेन आणि बी-५५० बोर्ड हा स्वस्त रस्ता आहे (ए-५२० वर प्रोसेसरचा ओव्हरक्लॉक होत नाही), पण तुमच्या ४:२:२ फुटेजला तिथे क्विक सिंक मिळणार नाही.

आता पैशांकडे. २८ हजार म्हणजे साडेपाच लग्नांची कमाई. ते मशीन तुम्हाला सीझनमध्ये सहा जास्तीची लग्नं मिळवून देईल का? मला तसं दिसत नाही. तुमचा वेळ क्लिपा निवडण्यात आणि कापण्यात जातो, तो प्रोसेसर वाचवत नाही.

सोनेतारणाचं मला खरं भय वाटतं ते चातुर्मासाचं. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत तुमची आवक जवळजवळ थांबते, व्याज थांबत नाही. चार महिन्यांचा घरखर्च ७२ हजार. त्या वेळी पोत सोडवायला पैसे नसतील तर पुढच्या दिवाळीपर्यंत ती अडकेल, आणि आईला एखाद्या लग्नाला गळा मोकळा ठेवून जावं लागेल. संगणकासाठी तेवढं करू नका.

साधा १२४०० घेऊन मशीन ६० हजारांच्या आसपास जाईल. त्यावर १४ हजार एका चांगल्या यूपीएसवर आणि चार टीबीच्या बॅकअप हार्ड डिस्कवर घाला. लाइट जाऊन किंवा डिस्क बसून एखाद्याचं लग्न हरवलं तर ते कुठल्याही प्रोसेसरने परत येत नाही. इथवर ७४ हजार झाले, हातात ६ उरतात. तेवढ्यावर सीझन सुरू करणं धोक्याचं आहे, म्हणून खरेदीआधी उधारीतले निदान २० हजार वसूल करा. सीझनच्या तोंडावर फोटोग्राफरला तुमची गरज असते, मागायला हीच वेळ बरी. नवीन कामाची मेमरी कार्डं हातात घेताना मागचा हिशोब पुरा करा, आणि इथून पुढे निम्मे पैसे आगाऊ, निम्मे पेन ड्राइव्ह देताना, असं ठरवून टाका. मिळणाऱ्या प्रत्येक ५,००० मधले २,००० वेगळ्या खात्यात टाका. ३६ लग्नांत चातुर्मासाचे ७२ हजार उभे राहतात. कामं कमी झाली तर हप्ता ३,००० करा, मग २४ पुरतात.

खरेदी पक्क्या बिलावरच करा. बॉक्सबंद इंटेल प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी असते, बिल नसेल तर ती मागताना तुमचीच दमछाक होईल. जुना पीसी चार-पाच हजारांना काढू नका. कार्डं कॉपी करायला आणि बॅकअप घ्यायला तो लावला तर नवीन मशीन एडिटिंगला मोकळं राहील. आणि दुकानदाराकडून नवं कोटेशन घेताना त्यावर ‘१२४००, एफ नाही’ असं लिहून घ्या.