शटरच्या मोटरसाठी मुदत ठेव मोडावी का?

सप्रेम नमस्कार.

आपण लिहिता की, इंदिरानगरमधील आपल्या बंगल्याच्या पार्किंगला ९ बाय ८ फुटांचे पत्र्याचे शटर आहे, ते रोज ओढून कंबरदुखी बळावली आहे आणि डॉक्टरांनी वजन उचलण्यास मनाई केली आहे. ६०० किलो क्षमतेची, बाजूला बसणारी मोटर रिमोटसह बसवून देण्याचे कोटेशन ४८,००० रुपयांचे असून वार्षिक देखभाल कराराचे ६,००० रुपये वेगळे आहेत. ही रक्कम आपण ३ लाखांच्या, चार महिन्यांत मुदत संपणाऱ्या तीन वर्षांच्या ठेवीतून काढू इच्छिता.

निवृत्तीनंतर प्रकृतीसाठी केलेला खर्च मी चैनीत धरत नाही, त्यामुळे मोटर घेण्यास माझा विरोध नाही. तथापि, ठेव मोडू नये. मुदतपूर्व मोडल्यास आपल्या बँकेचा दंड १ टक्का असेल, तर दोन वर्षे आठ महिन्यांच्या व्याजातून सुमारे ८,००० रुपये जातील. उलट त्याच ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर उचल, घेतल्यास, व्याजदर ८ टक्के धरला तरी, ४८,००० रुपयांचे चार महिन्यांचे व्याज १,२८० रुपये होते. आपल्या ठेवीचे नेमके दर शाखेत विचारून हाच हिशेब पुन्हा मांडावा.

त्याआधी मात्र एक काम करावे, कारण मला मूळ प्रश्न मोटरचा नसून शटरचा वाटतो. हाताने ओढायच्या शटरचे बरेचसे वजन दांड्यावरील स्प्रिंग पेलत असतात. त्या सैल झाल्या किंवा गाइडमध्ये, म्हणजे शटर ज्यांतून सरकते त्या दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये, धूळ व गंज साचला की तेच शटर दुप्पट जड वाटू लागते. चांगल्या शटरवाल्याकडून स्प्रिंग तपासून, गरज असल्यास बदलून, गाइड साफ करून घ्याव्यात. हा खर्च मोटरच्या तुलनेत किरकोळ आहे आणि मोटर घेतली तरी तो वाया जात नाही, कारण अडकणाऱ्या शटरवर बसवलेली मोटर सतत जास्त ताण घेऊन लवकर जळते.

दुरुस्तीनंतरही कंबरेला त्रास होत असेल, तर मोटर अवश्य घ्यावी. परंतु ७२ चौरस फुटांचे असे शटर साधारणतः दीडशे किलोंच्या आत असते, त्याला ६०० किलोंची मोटर कशासाठी, हे विक्रेत्याला विचारावे. स्प्रिंगच्या शटरला मधल्या दांड्यावर बसणारी लहान मोटर बहुधा पुरते. बाजूची मोटर मुख्यतः स्प्रिंग नसलेल्या, अवजड शटरसाठी असते. विजेच्या बिलाची चिंता नसावी : अर्ध्या अश्वशक्तीची मोटर दिवसाला दोन मिनिटे चालली तर महिन्याला अर्धा युनिटही लागत नाही. रिमोटचा रिसीव्हर अखंड चालू राहून ५ वॅट घेत असेल, तर तोच महिन्याला साडेतीन युनिटांहून अधिक खातो.

वार्षिक कराराचे पाच वर्षांत ३०,००० रुपये होतात आणि अशा करारांत सर्किट बोर्ड व रिमोट सहसा वगळलेले असतात. म्हणून तो न घेता दरमहा २५० रुपये आवर्ती ठेवीत बाजूला टाकावेत. दर तीन महिन्यांनी गाइड कोरड्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे मारावा, कारण ग्रीसला धूळ चिकटते. तसेच मोटर सोडवून शटर हाताने हलके चालते का ते पाहावे. मे महिन्यातील वळवाच्या पावसात वीज कडाडून बोर्ड जळण्याचा धोका असतो, त्यामुळे स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह आल्यास वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या दाबातील अचानक उसळी रोखणारे उपकरण) यांवर काटकसर करू नये. वीज गेल्यावर शटर हाताने उघडण्याची सोयही बसवतानाच स्वतः चालवून पाहावी.

नातवंडे घरी येत असल्याचे आपण लिहिले आहे, म्हणून अडथळा ओळखणारा सेन्सर मी अनिवार्य मानतो. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती गॅरेज डोअर ओपनरना मनुष्य दाराखाली अडकू नये यासाठीची सुरक्षा व्यवस्था कायद्याने सक्तीची आहे. आपल्या कोटेशनमध्ये सेन्सरचा उल्लेख नाही. तो समाविष्ट करून सुधारित दर लेखी मागवावा आणि मोटर बसल्यावर शटरखाली लाकडी ठोकळा ठेवून ते थांबते वा उलट फिरते, हे पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.