पुरात मागे राहिलेला कुत्रा ‘टाकून दिलेला’ असतो का?

प्रश्न होता: ‘महापुरात मागे राहिलेला एक कुत्रा सध्या माझ्याकडे आहे. त्याची काय काळजी घ्यावी? मालकाने टाकूनच दिला होता, तर आता कायमचा ठेवून घेतला तर चालेल का?’

‘टाकूनच दिला होता’ हे वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. टाकून दिला हे तुम्हाला कुणी सांगितलं? मालकाशी बोलणं झालंय का? पूर बघितलेली माणसं हा शब्द इतक्या सहज वापरत नाहीत. काळजीचं पुढे लिहिते, आधी आमच्याकडे काय झालं ते ऐका.

आमची मिरजेला पिठाची गिरणी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इशारा पातळी ४० ची, धोका ४५ चा. २००५ च्या पुरात जिथे पाणी आलं नव्हतं तिथली माणसं निवांत होती, आपल्या दारात येणार नाही म्हणून. आणि रात्रीत आलं. आमच्या भागात पाणी नव्हतं, त्यामुळे गिरणी रात्री अकरापर्यंत चालू असायची. छावण्यांसाठी भाकरी घरोघर होत होत्या, त्याचं दळण यायचं. धाकटे दीर त्यांच्या मंडळाच्या पोरांबरोबर बोटीवर होते. ९ तारखेला संध्याकाळी त्यांनी एक कुत्रा आणला. नदीकाठच्या एका गावातल्या घराच्या स्लॅबवर, जिन्याच्या तोंडाशी बांधलेला सापडला. खाली घर दारापर्यंत बुडालेलं. दिरांनी चाकूने दोरी कापली आणि पोत्यात गुंडाळून आणला.

भुरा, मध्यम अंगाचा, गावठीच. तळपायाची कातडी पांढरी पडून सुटत आली होती, पाण्यात फार वेळ राहिलेल्या हातासारखी. गळ्याभोवती दोरी रुतलेली. केस बाजूला केले तर आत ओलं, वास मारणारं, आणि अळ्या पडायला सुरुवात झालेली. पुण्याहून मदतीला आलेली माझी धाकटी नणंद शेजारी बसून बॅटरी धरत होती. तिने तो गळा बघितला आणि तिचं मत तिथेच ठरलं. ‘वहिनी, बांधून गेलाय तो माणूस. जिवंत प्राणी पाण्याच्या तोंडी बांधून गेला. हा कुत्रा आता त्याला परत द्यायचा नाही.’ मीही मान हलवली. खोटं का बोलू, मलाही तसंच वाटलं. दीर म्हणाले होते की तिथे एक घमेलं होतं, पातेल्यात भिजलेल्या भाकरीचा लगदा होता. त्यांचं बोलणं आम्ही दोघींनीही कानाआड केलं.

दोन दिवस त्याने आमच्यासमोर काही खाल्लं नाही. दिवे घालवले की पातेलं रिकामं व्हायचं. भुऱ्या म्हणून हाक मारली तर कानही हलायचा नाही. पाचव्या दिवशी पहाटे सव्वापाचला मी गिरणीचं दार उघडत होते. रस्त्यावर दूधवाल्याच्या मोटारसायकलला अडकवलेले कॅन खडखडले, आणि हा उठला. लंगडत दारापर्यंत गेला, कॅनकडे तोंड करून बसला आणि दूधवाला वळणावरून दिसेनासा होईपर्यंत हलला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मग मी ती कापलेली दोरी कचऱ्यातून शोधून काढली. म्हशीचं दावं होतं ते. घरात पाळलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतो. दावं पडतं ते गोठ्यातल्या कुत्र्याच्या गळ्यात.

मी दूधवाल्याला थांबवलं. त्याच्या मोबाइलवर फोटो दिला आणि सांगितलं, नदीकाठच्या गावांतल्या दूध संकलन केंद्रांवर दाखव. नणंदेने त्याआधीच फोटो फेसबुकवर टाकला होता, पण तो ‘घर हवंय’ म्हणून. त्याला पुण्याहून मुंबईहून शेकड्याने बदाम आले. ज्या माणसाचा कुत्रा होता तो तेव्हा एका शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपत होता आणि त्याचा मोबाइल कृष्णेत गेला होता. त्याला कुठलं फेसबुक?

जनावरं गेली तरी पुराआधीच्या दुधाचं बिल घ्यायला माणूस केंद्रावर येतोच. तो आला आणि त्याला फोटो दाखवला गेला. ऋषिपंचमीच्या सकाळी आमच्या दारात पासष्टीचे एक अण्णा उभे राहिले. अंगात छावणीत मिळालेला शर्ट, मापाचा नसलेला. ‘आमचा सरदार हितं हाय म्हनं.’

मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. उंबऱ्यातच विचारलं, ‘बांधून का गेलात?’

ते म्हणाले, ‘ताई, बोटीत कुत्रं घ्यायचं न्हाई म्हनली पोरं. दोनदा त्यानं पान्यात उडी टाकली, बोटीमागनं पवत आला. दोनदा मी परत नेऊन सोडला. तिसऱ्यांदा उडी टाकली असती तर मेला असता. वढीला लागला असता. मग स्लॅबवर बांधला. लांब बांधला, बारा हात. भाकरी ठेवली, पानी ठेवलं. उद्या येतो म्हनलं त्याला.’ एवढं बोलून ते थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘उद्या कुणी जाऊच दिलं न्हाई.’

मी दिरांकडे बघितलं. ते म्हणाले, ‘दोरी लांब होती वहिनी. मी तेव्हाच सांगितलं होतं.’ जिन्याच्या गजाला पीळ बसत बसत ती आखूड होत गेली आणि शेवटी गळ्यात रुतली.

बोटीवाल्यांनाही मी दोष देत नाही. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली. तशा भरलेल्या बोटीत ‘माझा कुत्रा घ्या’ म्हणायची हिंमत कुणाला होणार होती? अण्णांच्या चार म्हशी होत्या. दावी कापून सोडल्या, त्यातली एक मिळाली.

कुत्रा गिरणीच्या मोटारीमागे झोपला होता. अण्णा खोकले तसा बाहेर आला. उड्या नाहीत, भुंकणं नाही. त्यांच्या पायाशी गेला, चपला हुंगल्या, एक फेरी मारली आणि त्यांच्या उजव्या पावलावर बसला, पाठ त्यांच्या नडगीला टेकवून आणि तोंड आमच्याकडे करून. पंचवीस दिवस मी त्याच्या गळ्याला मलम लावलं होतं. माझ्यापाशी तो असा एकदाही टेकून बसला नव्हता.

मी कुत्रा दिला. नणंदेने पुण्यातलं एक कुटुंब ठरवून ठेवलं होतं, गणपती झाले की न्यायला येणार होतं. चांगली माणसं, तीन खोल्यांचं घर, कुत्र्याला वेगळी गादी. ती मला फोनवर म्हणाली, ‘तू त्याला परत त्याच नदीच्या काठावर पाठवलंस. पुढच्या पुरात मेला तर तुझ्या डोक्यावर.’ आणि कायदा ऐकवला, प्राण्याला टाकून जाणं गुन्हा आहे म्हणून. कायदा मीही वाचलाय. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, कलम ११. त्यात ‘योग्य कारणाशिवाय’ टाकून जाणं असं लिहिलंय. दारातून छातीइतकं पाणी वाहतंय आणि बोट एकच आहे, यापेक्षा योग्य कारण काय असतं? पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. म्हणजे शहरात खरोखर कुत्रा रस्त्यावर सोडून जाणाऱ्यालाही त्याची भीती नाही. तिथे भांडा ना.

आणि हे आपल्याकडेच होतं असं नाही. २००५ मध्येच अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला कतरीना वादळ झालं. तिथेही माणसांना बाहेर काढताना कुत्री-मांजरं मागे ठेवायला लावली. कित्येक जण त्यांच्यासाठी घर सोडेनात. नंतर स्वयंसेवकांनी वाचवलेली जनावरं दूरदूरच्या राज्यांत नव्या घरी दिली गेली, मूळ मालक शोधत आले आणि प्रकरणं कोर्टात गेली. नव्या घरची माणसं म्हणायची, तुम्ही टाकून दिलात. तुमच्यासारखंच. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला की आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार हवा. आपल्याकडे छावणीत कुत्रा आणू देत नाहीत, मग माणूस त्याला बांधून येतो, आणि मग आपण त्याला निर्दय म्हणतो.

आता काळजीचं. पोटात काही नसलेल्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी पोटभर घालू नका. थोडं थोडं, चार-पाच वेळा, मऊ भात, पातळ करून, हळद-मीठ-तिखट काही नाही. दूध नको, जुलाब होतात. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, त्यातून लेप्टो नावाचा तापाचा आजार होतो, कुत्र्याला आणि तुम्हालाही. हाताला जखम असेल तर हातमोज्याशिवाय त्याला धुवू नका आणि ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या कुत्र्याचं आवर्जून सांगा. जखमेत अळ्या असतील तर रॉकेल ओतू नका, गावाकडे अजून ओततात. जनावरांच्या डॉक्टरकडेच न्या. घरात आधीचा कुत्रा असेल तर किमान दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवा, भांडीसुद्धा वेगळी, कारण पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबाचा संसर्गजन्य आजार, घरात शिरला तर पिल्लं वाचणं कठीण असतं. रेबीजची लस द्या. चावला किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. ओळखीचा आहे, गरीब आहे, असं म्हणत बसू नका. त्याला बांधू नका, खोलीत सोडा. एवढ्या दिवसांनी बांधून घ्यायला तो तयार नसतो, आमचा तर दोरी बघितली की मुतायचा.

ठेवून घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो तुमच्याकडे ठेव म्हणून आलाय. आधी मालक शोधा आणि तो शोध खराखुरा करा. दूध केंद्र, रेशन दुकान, ग्रामपंचायत, पंचनाम्याला फिरणारे तलाठी, छावणी असलेली शाळा. कागदावर फोटो चिकटवा, फोन नंबर लिहा. खूण मात्र एखादी लपवून ठेवा, शेपटीचा ठिपका, फाटलेला कान, म्हणजे खरा मालक ओळखता येईल. गळ्यात जे काही होतं ते फेकू नका.

हे सगळं लिहिताना एक मान्य करते की सगळे अण्णा नसतात. मारलेल्याचे जुने वण दिसले, शेजारीपाजारी एकच गोष्ट सांगायला लागले, तर देऊ नका. दोन-तीन महिने मनापासून शोधून कुणी आलं नाही तर ठेवून घ्या, तो तुमचाच. आणि कानाचं टोक कापलेलं असेल तर तो बहुधा नसबंदी झालेला गल्लीतला कुत्रा आहे. त्याला मालक नसला तरी गल्ली आहे. पाणी ओसरून तिथे माणसं परतली की त्याला तिथेच सोडायचं, दुसऱ्या गावाला न्यायचं नाही.

नणंद अजून म्हणते मी चुकले. ती येते-जाते, सणाला राहते, पण तो विषय निघाला की उठून आत जाते. तिला हे उत्तर पाठवणार आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं, तेव्हा पुलापाशी ४० फूट व्हायच्या आधी, भर पावसात, एक टेम्पो आमच्या गिरणीसमोर थांबला. त्यात दोन म्हशी, वैरणीच्या पेंढ्या, अण्णा, आणि त्यांच्या पायांत सरदार. गळ्यात पट्टा होता. आतल्या बाजूला बॉलपेनने दोन फोन नंबर लिहिलेले, एक अण्णांच्या मुलाचा, एक माझा. तेरा दिवस राहिले. म्हशी मागच्या मोकळ्या जागेत, अण्णा आणि कुत्रा गिरणीत.

तुमचा कुत्रा कुठल्या गावातून आला तेवढं कळवा. नदीकाठचं असेल तर उद्या सकाळी पाच-सव्वापाचला तिथल्या दूध केंद्रावर जाऊन उभे राहा.