पेटी, गिटार आणि पीयूसीचे वर्ष

पत्राचा गोषवारा : खानापूर तालुक्यातील एक पालक लिहितात, “मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे आणि आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) वीस वर्षे पेटीची साथ करतो. मुलगा द्वितीय पीयूसीला, म्हणजे बारावीला, विज्ञान शाखेत आहे. दोन वर्षांपासून तो बेळगावच्या कॅम्प भागातील एका चर्चच्या वर्शिप टीममध्ये (उपासनेतील गायक-वादकांच्या संचात) गिटार वाजवतो आणि त्यासाठी आठवड्यातून तीनदा सरावाला जातो. आता त्याला इंजिनिअरिंग नको झाले आहे. ऑस्ट्रेलियातील एका चर्चशी जोडलेल्या वर्शिप कॉलेजात जाईन म्हणतो, आणि तोवर पेडलचा प्रोसेसर (गिटारचा आवाज बदलणारे यंत्र) घेऊन द्या असा हट्ट धरून बसला आहे. मी दोनदा जाऊन ऐकले. अख्ख्या गाण्यात तो दोन तारा छेडतो, बाकीचा आवाज यंत्र काढते. याला करिअर म्हणायचे का? आणि सेवेचे पैसे घ्यायचे का?”

आदरणीय महोदय,

आपल्या पत्रातील सलाम पावला, माझाही स्वीकारावा. आपण विचारलेले दोन प्रश्न महत्त्वाचे आहेतच, परंतु मुलावरचा आपला अविश्वास त्या दोन तारांपासून सुरू झालेला दिसतो, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करतो.

गेल्या नाताळात मी अशाच एका भक्तीला (चर्चमधील उपासनेला) गेलो होतो आणि पुढच्या बाकावर बसल्यामुळे गिटारवादकाचा डावा हात मला जवळून पाहता आला. त्याची अनामिका आणि करंगळी खालच्या दोन बारीक तारांवर, तिसऱ्या पट्टीवर (फ्रेटवर) रोवून ठेवलेली होती. गाणे एका कॉर्डवरून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या समूहावरून) दुसऱ्या कॉर्डवर गेले तरी ती दोन बोटे जागची हलत नव्हती, हालचाल करत होती ती उरलेली दोन. अशाने वरचे दोन स्वर प्रत्येक कॉर्डमध्ये सारखेच घुमत राहतात. आपल्या परिचयाची उपमा द्यायची तर तंबोऱ्याच्या खर्जावर गायकाने स्वर बदलावेत, त्याच्या हे नेमके उलटे आहे, कारण इथे आधार वर स्थिर राहतो आणि तळ बदलतो. गाणाऱ्या शे-दोनशे माणसांना या स्थिर स्वरांचा आधार वाटतो आणि चाल नवी असली तरी ती चाचपडत नाहीत. चिरंजीव कमी वाजवतात हे आपले निरीक्षण अचूक आहे, मात्र ते आळसाने कमी वाजवतात असे मला वाटत नाही.

यंत्राचेही तसेच आहे. त्याला डिले म्हणतात. वाजवलेला स्वर ते ठरावीक अंतराने पुन्हा ऐकवते. समजा गाण्याची लय मिनिटाला 72 ठोक्यांची आहे, म्हणजे एक ठोका साधारण 833 मिलिसेकंदांचा झाला. डिलेचे अंतर त्याच्या पाऊणपट, म्हणजे 625 मिलिसेकंद ठेवले आणि वादकाने दुगुनीत (ठोक्याला दोन) साधे, एकेक स्वर वाजवले, तर प्रत्येक प्रतिध्वनी दोन स्वरांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो आणि ऐकणाऱ्याला चौगुन (ठोक्याला चार) ऐकू येते. आयर्लंडच्या यूटू या रॉक बँडचा गिटारवादक एज याने ही लकब जगभर नेली आणि पुढे चर्चमधील गिटारवादकांनी ती इतकी उचलली की आज ती त्यांचीच वाटते. यात लबाडी नाही, उलट एक कडक शिस्त आहे : लय किंचित जरी ढळली तरी प्रतिध्वनी भलत्या जागी पडतो आणि सगळे गाणे अडखळते. म्हणूनच ही मुले कानात क्लिक ट्रॅक (लयीचे ठोके ऐकवणारा आवाज) घालून वाजवतात. तबलजीला लय सोडल्याबद्दल समेवर क्षमा मिळू शकते. या यंत्रापाशी ती सोय नाही.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम 1820 साली सुरू झाले. त्या दोनशे वर्षांच्या मानाने चर्चमधील गिटार अगदीच अलीकडची आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील हिप्पी तरुण ख्रिस्ती झाले आणि आपल्या गिटारी घेऊनच प्रार्थनामंदिरात आले. 1971 मध्ये तिथेच मॅरनॅथा म्युझिक ही संस्था निघाली आणि ही गाणी ध्वनिमुद्रित होऊन पसरली. पुढे सिडनीचे हिलसाँग आणि अमेरिकेतील बेथेल व एलिव्हेशन ही नावे आली, जी आपल्या घरात आपण रोज ऐकत असाल. एका गोष्टीकडे मात्र आपल्या मुलाचे लक्ष वेधावेसे वाटते. या गाण्यांमागे मोठी चर्चेस, त्यांचे स्टुडिओ, पगारी वादक आणि स्वामित्वधनाची व्यवस्था उभी आहे. मोबाइलवर दिसतो तो गिटारवादक. ती व्यवस्था दिसत नाही, आणि ती बेळगावात नाही.

म्हणून स्पष्ट लिहितो. ‘वर्शिप गिटारिस्ट’ ही सीमाभागात उपजीविका नाही. इथल्या बहुतेक मंडळ्या वादकांना जाण्यायेण्याचा खर्च किंवा नाताळात थोडे मानधन देतात आणि पुष्कळ ठिकाणी तेही नसते. परंतु त्या वादनातून अंगी बाणणारी कौशल्ये, म्हणजे क्लिकवर वाजवणे, गाणाऱ्याला सांभाळणे, दोन दिवसांत पाच गाणी बसवणे, ध्वनियंत्रणा जोडणे, यांना चर्चच्या बाहेर मोल आहे. गिटारचे वर्ग, शाळांतील संगीतशिक्षक, ध्वनिमुद्रण, कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था ही कामे आहेत आणि ती नीट जाणणारी माणसे आपल्याकडे थोडीच आहेत. चर्चला शिक्षण समजावे, नोकरी समजू नये, असे माझे मत आहे.

परदेशातील कॉलेजाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. अशा ठिकाणचा भर पुष्कळदा त्या चर्चची कार्यपद्धती आणि नेतृत्व शिकवण्यावर असतो. परत आल्यावर इथे पदवी म्हणून त्या प्रमाणपत्राचा उपयोग होईल की नाही, हे कर्ज काढण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने हे विचारले नव्हते आणि शेत गहाण ठेवून मोकळे झाले होते. मुलाला चर्चमध्येच पूर्ण वेळ सेवा करायची असेल, तर पुण्याचे युनियन बिब्लिकल सेमिनरी किंवा बंगळूरचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज हे रस्ते जवळचे आणि मान्यतेचे आहेत, तेथील बी. डी.साठी (धर्मशास्त्राच्या पदवीसाठी) सहसा आधी कुठलीतरी पदवी लागते.

तेव्हा पदवी चुकत नाही, आणि पदवीच्या आधी हे वर्ष चुकत नाही. विज्ञान शाखा अर्ध्यावर सोडू नये यासाठी माझ्याकडे असे एक कारण आहे जे त्यालाही पटेल : पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेतील ध्वनिमुद्रणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पदवीबरोबरच बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट राहिली आहे (प्रवेशाच्या वर्षाची माहितीपुस्तिका पाहून खात्री करावी). डिले, रिव्हर्ब (घुमारा), स्पीकरचा फीडबॅक हे सगळे शेवटी ध्वनिलहरींच्या धड्यातच बसते. तो धडा त्याने प्रोसेसरच्या कुतूहलाने वाचावा. इंजिनिअरिंगचा आग्रह मात्र आपण सोडावा. बेळगावातच बी. एस्सी. किंवा बी. सी. ए. करत त्याने ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या गिटारच्या परीक्षा एकेक करून द्याव्यात. आठ श्रेणी आहेत, आणि पुढे वर्ग चालवायचे असतील तर पालक प्रमाणपत्र विचारतातच. पाश्चात्त्य स्वरलेखन वाचण्याची सवय या मुलांना नसते, ती यात लागते. त्यासाठी गुरू बेळगावात न मिळाल्यास चोर्ला घाट उतरून गोव्यात जावे. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे आणि चर्चसंगीताची तिथली परंपरा फार जुनी आहे. परीक्षेपर्यंत आठवड्याचा एकच सराव आणि रविवारची भक्ती, एवढे दोघांनी कबूल करावे.

आता ज्यासाठी हे उत्तर लांबले तो मुद्दा. पत्रात आपली पेटी आणि त्याची गिटार या दोन वेगळ्या घरांतल्या वस्तू असल्यासारख्या येतात. माझ्या मते त्याचे खरे भांडवल त्या दोहोंच्या मधोमध आहे. इंग्रजी गाणी त्याच्यासारखीच वाजवणारी मुले बंगळूरला, गोव्याला आणि ईशान्येकडे पुष्कळ सापडतील. मराठी भजन गिटारवर नेटके बसवणारा मात्र शोधावा लागतो.

एक प्रयोग घरीच करावा. आपण पेटीवर काळी दोन धरावी. तो म्हणेल की ही पट्टी गिटारला अवघड आहे, आणि उघड्या तारांच्या हिशेबाने ते खरेही आहे. पण पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून त्याने डीची बोटे धरली की तो आपल्या काळी दोनमध्ये येतो. पुढची पायरी म्हणून जाड ई, बी आणि बारीक ई या तारा प्रत्येकी दोन फ्रेटइतक्या उतरवून डी, ए, डी, जी, ए, डी अशा लावाव्यात. आता उघड्या तारांत सा आणि प हेच भरून राहिले, एक मध्यम (म) तेवढा मध्ये आहे, आणि गांधार (ग) कुठेच नाही. भैरवीतले एखादे भजन घ्यावे. तिथे सवयीचे मेजर कॉर्ड वाजवले की त्यांतला शुद्ध गांधार गळ्यातल्या कोमल गांधाराशी भांडतो, आणि जुन्या मंडळींना गिटार कानाला लागते त्याचे कारण बहुधा हेच असते. कॉर्डमधून गांधार काढून टाकला की भांडण मिटते. मिरजेच्या तंबोऱ्याने जे काम आजवर केले तेच ही गिटार करू लागते, शिवाय केरव्याचा ठेका उजव्या हाताने धरते आणि वीज गेली तरी थांबत नाही. खानापूरच्या आतल्या गावांत हा शेवटचा गुण फार कामाचा आहे.

दुसरे असे की, आपल्या भागात एकाच आठवड्यात मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भक्तींना वाजवावे लागते. वर्शिप टीममधले वादक कॉर्ड आकड्यांनी लिहितात. 1950 च्या दशकाच्या अखेरीस नॅशव्हिलच्या स्टुडिओंत ही पद्धत रुळली. 1, 5, 6, 4 म्हणजे आपल्या भाषेत सा, प, ध, म या स्वरांवर उभ्या राहणाऱ्या कॉर्ड्स. पट्टी बदलली तरी आकडे बदलत नाहीत, आणि शब्द कानडी असोत वा मराठी, कागद एकच पुरतो. आपल्याला सरगम येते, त्याला आकडे येतात. मंडळीच्या वहीतली वीस गाणी दोघांनी मिळून या पद्धतीने लिहून काढली, तर परिसरातील दहा गावांना उपयोगी पडेल असा ऐवज होईल आणि त्याच्या अर्जांना जोडायला स्वतःचे असे कामही होईल.

इथे कायद्याचा एक मुद्दा आड येतो. स्वामित्वहक्क कायदा, 1957 च्या कलम 52 नुसार खऱ्या धार्मिक विधीत गाणे वाजवण्यास परवानगी लागत नाही, पण तेच गाणे ध्वनिमुद्रित करून यूट्यूबवर टाकणे किंवा त्याचा मराठी अनुवाद प्रसिद्ध करणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिथे हक्कदाराची संमती हवी. याउलट आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. नारायण वामन टिळक 1919 मध्ये निवर्तले. त्यांच्या पदांना आणि अभंगांना नवी चाल लावून, नव्या वाद्यमेळात बसवून प्रसिद्ध करायला आज कोणाचीही आडकाठी नाही. एवढे मोठे मराठी काव्य हाताशी मोकळे असताना आपल्या तरुणांनी हिलसाँगच्या गाण्यांचे ओबडधोबड अनुवाद गात बसावे, याचे मला नवल वाटते. (अनुवादकांनी राग मानू नये, मात्रा मोजून लिहिणारेही त्यांच्यात आहेत, पण थोडे.)

सेवेच्या पैशाबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही. तरी आपल्याच शास्त्रात, पहिला इतिहास या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात, मंदिराच्या सेवेसाठी शिकून तयार झालेल्या 288 गायकांची मोजदाद आहे, आणि त्याच पुस्तकाच्या नवव्या अध्यायात गायकांना इतर कामांतून मोकळे ठेवल्याचे लिहिले आहे. मोकळे ठेवले म्हणजे त्यांच्या पोटाची सोय कोणीतरी केली असणार. आपण शाळेचा पगार घेऊन पेटी विनामूल्य वाजवता; चिरंजीवांनाही तसेच करता यावे, यासाठीच त्यांना रविवारखेरीजच्या सहा दिवसांचे काम हवे.

प्रोसेसर सध्या घेऊ नये. त्याच्या बऱ्याच कमी किमतीत साधा ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा आवाज संगणकात घेणारे उपकरण) आणि एक मायक्रोफोन येतो; पीयूसीची परीक्षा संपल्यावर तो घ्यावा आणि पहिले ध्वनिमुद्रण आपल्या पेटीचे करावे. वर सांगितलेला प्रयोग झाला की आपल्या मंडळीत स्त्रिया आणि पुरुष एकत्र गाताना कोणती पट्टी धरतात आणि वहीतील किती गाणी भैरवीसारख्या रागांत आहेत, तेवढे मला कळवावे. कोणत्या परीक्षेपासून सुरुवात करावी आणि गोव्याला महिन्यातून किती वेळा जावे लागेल, हे त्यानंतर सांगता येईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक