वाचक विचारतात : साथीदारांचा फंक

प्रश्न : आम्ही सहा जण आहोत. ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड, ट्रम्पेट आणि अल्टो सॅक्स. शेवटचे दोघे लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात. जे.बी.ज् आणि मीटर्स यांच्या रेकॉर्डवरून काही तुकडे बसवतो आहोत. सूर बरोबर लागतात, पण एकूण ऐकलं की वरात निघाल्यासारखं वाटतं. कुठे चुकतंय?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मोकळी जागा दिसली की ती भरायची, ही सवय नडते आहे. हे दोन्ही बँड मुळात साथीचे. जे.बी.ज् हा अमेरिकी फंक गायक जेम्स ब्राउनचा ताफा. १९७० मध्ये त्याचे बहुतेक जुने वादक सोडून गेले, तेव्हा बूट्सी कॉलिन्स (बेस) आणि त्याचा भाऊ कॅटफिश (गिटार) यांना घेऊन तो उभा राहिला. मीटर्स न्यू ऑर्लिन्समध्ये गायक ली डॉर्सीच्या रेकॉर्डवर साथ करत. जे.बी.ज् चा 'फूड फॉर थॉट' (१९७२) हा अल्बम ऐका : अधूनमधून आरोळ्या आहेत, गायक असा नाही, तरी त्याची जागा कुणी बळकावत नाही.

ब्राउन ज्याला 'वन' म्हणायचा, ती आपली सम. वरातीत चारही मात्रा सारख्याच जड पडतात, कारण लोकांना त्यावर चालायचं-नाचायचं असतं. इथे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस समेवर एकत्र पडले पाहिजेत, बाकीच्यांनी तिच्याभोवती हलकं राहायचं.

आधी फक्त ड्रम आणि बेस बसवा. मेट्रोनोम मिनिटाला ७० ठोक्यांवर, तेच दोन बार (चार-चार मात्रांचे) दहा मिनिटं, एकही फिल (मधली जागा भरणारा तुकडा) नाही. बेसवाल्याने तबल्याच्या सोलोमागचा लेहरा आठवावा; लेहरेवाला करामती दाखवायला लागला तर तबलजी काय करेल? मग हळूहळू ९० पर्यंत जा. स्नेअरवरचे मधले हलके ठोके काठीचं टोक जेमतेम इंचभर उचलून. जास्त उचललं की ताशा झाला.

गिटारवर वरच्या दोन-तीन तारा पुरेत. उजवा हात मात्रेला चार या हिशेबाने सतत हलता ठेवा, आवाज त्यातल्या चार-पाच जागीच काढा. बाकी वेळ डाव्या हाताची बोटं सैल, म्हणजे नुसती खरखर येते. कीबोर्डवाल्याने ऑटो-स्टाईल (आपोआप वाजणारी साथ) बंद करून डावा हात मांडीवर ठेवावा. बेसच्या पट्टीत दोघे घुसले की सगळा गाळ होतो, आणि सर्वांत जास्त वेळा बिघडतं ते इथेच.

फुंकणाऱ्यांनी सूर ओढायचा नाही. मींड, कंप दोन्ही सोडा. सूर जिभेने तोडा, आणि दोघांचा एकाच क्षणी तुटला पाहिजे. मीटर्सचं 'सिसी स्ट्रट' सी मायनरमध्ये आहे; पण या दोन वाद्यांवर सी वाजवला तर कीबोर्डचा सी येत नाही, म्हणून ट्रम्पेटला डी आणि अल्टोला ए मायनर. हे कागदावर लिहून द्या, नाहीतर दोघेही आपापल्या बोटांचा सी धरतील.

आणि नागपूरचा मे महिना. हवा तापली की पितळी वाद्यांचा सूर चढतो आणि गिटारच्या तारा ढिल्या पडून उतरतात; कीबोर्ड मात्र जागचा हलत नाही. म्हणून पाच मिनिटं फुंकून वाद्य तापलं की मगच कीबोर्डशी मिळवा. ट्रम्पेटची स्लाईड थोडी बाहेर ओढा, सॅक्सचं माउथपीस कॉर्कवर जरा बाहेर. तेवढा वेळ कूलर बंद ठेवा. त्या घरघरीत सुरातला बारीक फरक कळत नाही.

प्रश्न : 'ग्रीन अनियन्स'वर बेस डक डनचा आहे ना?
– एक वाचक, धंतोली

उत्तर : नाही, लुई स्टाइनबर्गचा. १९६२ मध्ये बूकर टी. अँड द एम.जी.ज् या मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीच्या घरच्या बँडने ती धून ध्वनिमुद्रित केली. डन त्या बँडमध्ये नंतर आला. वरच्या वाचकांना पहिला तुकडा म्हणून हाच सुचवू : एफ मायनर, बारा बारांचा साधा ब्लूज. ट्रम्पेट-सॅक्सला त्यात कामच नाही, त्यांनी बसून ऐकावं.