मासा कुठे आणि माणूस कुठे?

प्रश्न : आमच्या इमारतीत गेल्या महिन्यात वाळवीचे पेस्ट कंट्रोल झाले. भिंतीच्या कडेने फरशीला भोके पाडून औषध सोडले. डब्यावर ‘क्लोरपायरिफॉस’ असे नाव होते. माझी सून पाच महिन्यांची गरोदर आहे. या औषधाचा झेब्राफिश नावाच्या माशाच्या मेंदूवर परिणाम होतो, असे नंतर माझ्या वाचनात आले. मासा कुठे आणि माणूस कुठे? अशा प्रयोगावर विश्वास ठेवावा का?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : आधी सुनेविषयी. भोके सिमेंटने नीट बुजवली आहेत ना ते पाहा, खोल्या हवेशीर ठेवा, काही दिवस फरशी पुसण्याचे काम तिच्याकडे देऊ नका, आणि औषधाचे नाव व तारीख पुढच्या तपासणीच्या वेळी तिच्या डॉक्टरांना सांगा. त्यापलीकडे घाबरून जाण्याचे कारण केवळ माशाच्या बातमीत शोधू नये. मात्र ती बातमी थट्टेवारी नेण्यासारखीही नाही.

झेब्राफिश हा मूळचा आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या संथ पाण्यात आणि भाताच्या खाचरांत राहणारा, अंगावर लांबीच्या दिशेने निळे पट्टे असलेला बोटाच्या पेराएवढा मासा आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरील ग्रंथात त्याचे शास्त्रीय वर्णन केले. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी पुढे त्याला प्रयोगशाळेत रुळवले. २०१३ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात किमान एक भावंड असल्याचे दिसून आले. आता मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही हा मासा पाळला जातो.

संशोधकांना तो आवडतो याचे मुख्य कारण असे, की त्याचा गर्भ आईच्या पोटात वाढत नाही आणि तो काचेसारखा पारदर्शक असतो. मादी अंडी पाण्यात सोडते, ती पाण्यातच फळतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेंदू, मज्जारज्जू व डोळे घडताना जिवंतपणी दिसतात. २८.५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अठराव्या तासाच्या सुमारास, अजून कवचात असतानाच, गर्भाची शेपटी आपोआप झटके देऊ लागते, कारण मज्जारज्जूतल्या पहिल्या चेतापेशी तोवर स्नायूंशी जोडल्या गेलेल्या असतात. चोवीस तासांत हृदय धडधडते, दोन-तीन दिवसांत पिल्लू कवचाबाहेर येते आणि पाचव्या दिवशी जेमतेम चार मिलिमीटरचा तो जीव, ज्याला आपल्याकडे मत्स्यव्यवसायातले लोक जिरे म्हणतात, स्वतःहून पोहू लागतो.

चाचणी साधारण अशी होते. हातावर मावेल एवढ्या, अप्पेपात्राची आठवण करून देणाऱ्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात एकेक पिल्लू ठेवतात. काही खळग्यांत साधे पाणी असते, काहींत रसायनाची वेगवेगळी मात्रा असते. मग दिवा काही मिनिटे लावायचा, काही मिनिटे मालवायचा, आणि खालून अवरक्त प्रकाश टाकून कॅमेऱ्याने प्रत्येक पिल्लू किती पोहले हे मोजायचे. आपल्या अपेक्षेच्या अगदी उलट, निरोगी पिल्ले उजेडात शांत असतात आणि अंधार होताच सैरावैरा पोहू लागतात. हा नेहमीचा आलेख रसायनामुळे बिघडला, तर चेतासंस्थेकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

इथे एक गोष्ट वृत्तपत्री बातम्यांत हमखास गळते. पिल्लू सुस्त झाले म्हणजे मेंदूच बिघडला असे नाही. हृदय सुजलेले, पाठ वाकलेली किंवा हवेची पिशवी न फुगलेली पिल्लेही पोहत नाहीत. म्हणून ज्या मात्रेला शरीर दिसायला धडधाकट आहे पण वागणे बदलले आहे, ती मात्रा खरी बोलकी असते. दिवसाची वेळ, पाण्याचे तापमान, रसायन विरघळवण्यासाठी वापरलेला द्रव, इतकेच काय, पिल्लू कडेच्या खळग्यात होते की मधल्या, यांनीही आकडे हलतात. असा प्रबंध हाती आला की मी आधी या बाबींचा उल्लेख शोधतो आणि निष्कर्ष मग वाचतो.

क्लोरपायरिफॉसच्या बाबतीत माशाची साक्ष वजनदार ठरते, कारण हे औषध ज्या जागी घाव घालते ती जागा किडा, मासा आणि माणूस तिघांतही आहे. चेतापेशींचा निरोप पोहोचवणारे ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन असते; या निरोप्याचे काम झाले की त्याला मोडून टाकणारे एक विकर (एन्झाइम) असते. क्लोरपायरिफॉसपासून शरीरात तयार होणारा पदार्थ त्या विकरालाच जखडतो आणि निरोप थांबतच नाही. ड्यूक विद्यापीठातील गटाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माशांना हे औषध फक्त पहिल्या पाच दिवसांत दिले होते. पुढे स्वच्छ पाण्यात वाढून ते मोठे झाले, तरी टाकीतली योग्य बाजू ओळखायला शिकण्याच्या परीक्षेत त्यांच्यात फरक दिसला. आणि मासा इथे एकटा साक्षीदार नाही. न्यूयॉर्कमधील माता व मुलांचा कोलंबिया विद्यापीठाने अनेक वर्षे पाठपुरावा केला; जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तात या औषधाचे प्रमाण जास्त असलेल्या मुलांचे सातव्या वर्षीचे बुद्धिमापनाचे गुण सरासरीने कमी आढळले. अमेरिकेत घरगुती वापरासाठीची बहुतेक विक्री २००१ च्या अखेरीस बंद झाली आणि युरोपीय संघाने २०२० साली या औषधाची मान्यता संपवली.

तरीही माशावरून माणसासाठी सुरक्षित मात्रा ठरवता येत नाही. पाण्यातली मात्रा म्हणजे पिल्लाच्या शरीरात शिरलेली मात्रा नव्हे, अंड्याचे कवच काही मोठे रेणू अडवून धरते, माशाला वार नसते आणि आपल्यासारखे घड्यांचे मेंदूचे बाह्यक तर नसतेच. या चाचणीचे काम चाळणीचे आहे. उंदरांवरच्या एका सविस्तर चाचणीला सुमारे हजार पिल्ले आणि प्रचंड खर्च लागतो, त्यामुळे बाजारातल्या हजारो रसायनांपैकी बहुसंख्य रसायनांची ती कधी झालेलीच नाही. त्यांतली आधी कोणती तपासावीत, हे मासा काही दिवसांत सांगतो.

प्रश्न : बाटलीवर ‘बीपीए-फ्री’ लिहिलेले असले की ती निर्धोक समजावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए, प्लास्टिक बनवताना वापरले जाणारे एक रसायन. ते तिच्यात नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या जागी काय घातले आहे, ते लेबल सांगत नाही. पुष्कळदा बीपीएस हे त्याचे जवळचे भावंड वापरले जाते. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाने २०१५ साली झेब्राफिशच्या गर्भांना, तिथल्या नदीच्या पाण्यात आढळलेल्या अत्यल्प पातळीइतके बीपीए दिले, तेव्हा मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात चेतापेशींचा जन्म १८० टक्क्यांनी वाढला. बीपीएसने तो २४० टक्क्यांनी वाढला. पुढे ही पिल्ले नेहमीपेक्षा अधिक चंचल निघाली. माणसात असेच होते असे यावरून सिद्ध होत नाही, पण बदली कामगाराची चौकशी न करताच त्याला कामावर घेतले, एवढे मात्र उघड होते. गरम पदार्थासाठी स्टील किंवा काच वापरावी.

प्रश्न : मत्स्यालयाच्या दुकानातले झेब्रा मासे आणून शाळेत हे पाहता येईल का?
— एक विज्ञान शिक्षक, कुडाळ

उत्तर : रसायने देऊन नव्हे, ते काम परवानगी आणि देखरेख असलेल्या प्रयोगशाळेचे आहे. गर्भाची वाढ मात्र जरूर दाखवा. पोट फुगीर दिसते ती मादी, सडपातळ व पिवळसर तो नर. संध्याकाळी दोघांना अशा टाकीत सोडा, जिच्या तळाशी काचेच्या गोट्यांचा थर आहे, कारण हे मासे स्वतःचीच अंडी खातात आणि गोट्यांच्या फटीत पडलेली अंडी तेवढी वाचतात. सकाळी उजेड झाल्यावर लवकरच अंडी पडतात. ती ड्रॉपरने उचलून स्वच्छ पाण्याच्या बशीत ठेवा आणि पांढरी पडलेली वेळोवेळी काढून टाका. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मुलांना सूक्ष्मदर्शकाशी उभे करा; एकाच अंड्याकडे मिनिटभर नजर न हलवता पाहिले, तर कवचाच्या आत गुंडाळलेली शेपटी एकदम झटका देताना दिसेल.