व्यसन, मानसिक आजार आणि तुटत गेलेलं कुटुंब, असं सगळं असलेली पण उपदेश न करणारी कादंबरी सुचवाल का?

डग्लस स्टुअर्टची 'शगी बेन' घ्या. पहिलीच कादंबरी आणि २०२० चं बुकर.

काळ १९८० च्या दशकातला, गाव स्कॉटलंडमधलं ग्लासगो. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या राज्यात खाणी बंद पडताहेत, पुरुष घरी बसलेत. टॅक्सीवाला नवरा देखण्या ॲग्नेसला मुलांसकट खाणकामगारांच्या वस्तीत आणून टाकतो आणि स्वतः दुसरीकडे संसार थाटतो. मग दारू, आणि मधूनच जीव द्यायचे प्रयत्न. थोरली कॅथरीन लग्न करून थेट दक्षिण आफ्रिका गाठते. मधल्या लीकला तर आईच घराबाहेर काढते. उरतो धाकटा शगी, शाळा बुडवून आईवर पहारा देणारा.

एक प्रसंग फार लागतो. ॲग्नेस वर्षभर दारूला शिवलेली नसते. तिचा मित्र युजीन तिला बाहेर जेवायला नेतो आणि एक पेला घ्यायचा आग्रह धरतो. माणूस दुष्ट नाही, हीच त्यातली गोम! ती चारचौघींसारखी झालीय, एवढीच त्याला खात्री करून घ्यायचीय. (आपल्याकडे लग्नकार्यात 'आजच्या दिवस चालतंय रे' म्हणणारे काका-मामा आठवतील.) पुढचं सांगत नाही.

स्टुअर्ट सोळा वर्षांचा असताना त्याची आई दारूपायीच गेली. तरी पुस्तकात आईवर राग जवळजवळ नाहीच.

संवाद ग्लासगोच्या बोलीत आहेत, सुरुवातीला अडखळायला होईल. आणि घरात सध्या हेच चालू असेल, तर सलग वाचू नका.